हुकमी पेशंट

ताईंना दर गुरुवारी हमखास काहीतरी व्हायचं. कधी उजवा हात लुळा पडायचा, कधी चालताना झोकांड्या जायच्या, कधी बेंबीखालचं सगळं अंग बधिर व्हायचं. सकाळी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत त्या आजारी पडायच्या आणि दुपारी चहा पिऊन, खडखडीत बऱ्या होऊन घरी जायच्या. शिकाऊ डॉक्टरांना खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी सराव हवा असतो, आणि खरे पेशंट काही कुणाच्या सरावासाठी आजारी पडत नाहीत. म्हणून ताई पडायच्या. कॉलेजात त्यांना समोर 'ताई' आणि पाठीमागे 'हुकमी पेशंट' म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच त्यांना जास्त आवडायचं.

खोलीत एक लोखंडी खाट, चाकांचा पडदा, हात धुवायचं भांडं आणि एक छोटी ट्रॉली. ट्रॉलीवर रबरी हातोडी, कापूस, टाचण्या आणि कानाशी धरायचा तो झणझणणारा काटा. दाराबाहेर घंटा घेऊन शिपाई मामा. घंटा झाली की एक मुलगा किंवा मुलगी आत यायची, घसा खाकरायची आणि विचारायची, "काय त्रास होतोय तुम्हाला?"

हे काम ताईंना मोठ्या सरांनी शिकवलं. मेंदू आणि मज्जातंतूंच्या विभागाचे ते प्रमुख. स्वभाव चिडका, अक्षर गचाळ, पण शिकवायला बसले की माणूस वेगळाच. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं की आजार करून दाखवायचा नाही. आधी बिघाड कुठे आहे ते मनाशी ठरवायचं, मग अंग आपोआप तसं वागतं. घरातली एक खोली अंधारात असेल तर दिवा गेला असेल, पण अर्धं घर अंधारात असेल तर दिवे बदलत बसण्यात अर्थ नाही, बोर्डाकडे जायला हवं. मेंदूतून निघालेल्या तारा वाटेत बाजू बदलून खाली उतरतात, म्हणून डाव्या मेंदूत बिघाड झाला की उजवं अंग जातं. तोंड वाकडं झालं तरी कपाळाला आठ्या घालता येत असतील तर बिघाड मेंदूत, कारण कपाळाला दोन्हीकडून पुरवठा असतो. कपाळही गुळगुळीत पडलं, तर चेहऱ्याची नस कानापाशी कुठेतरी रुसली आहे. लहान मेंदू बिघडला की अंगात जोर असतो पण ताळतंत्र नसतं, नाकाला लावायला सांगितलेलं बोट गालावर जातं. आणि पाठीच्या कण्यातून जो मज्जारज्जू खाली जातो, तो छातीशी दबला तर तिथून खाली रेघ मारल्यासारखं सगळं बंद आणि हात मात्र ठणठणीत.

"खाली काय काय बंद पडलंय ते सगळेच बघतात," सर म्हणायचे. "वर कुठपर्यंत सगळं ठीक आहे ते बघा. बिघाड तिथून जरासा खाली सापडेल."

ताईंनी हे सगळं भराभर उचललं. त्यात नवल नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढलं होतं. विंगेत स्टुलावर बसायचं, मिणमिणत्या दिव्यात वही धरायची आणि ज्याचं वाक्य अडेल त्याला ते पुरवायचं. राजे, राण्या, सासवा, खलनायक, सगळ्यांची भाषणं त्यांना पाठ. प्रेक्षकांनी मात्र त्यांना कधी पाहिलं नाही. कंपनी बंद पडली तेव्हा टाळ्या वाजवून निरोप द्यावा असं कुणाला त्यांच्याबाबतीत सुचलंसुद्धा नाही. त्यानंतर आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आणि ताईंची पुढची वर्षं तिला कुशीवर वळवण्यात गेली. आई ज्या वॉर्डात होती तिथेच सरांनी ताईंना पाहिलं. आईला नेमकं काय होतं ते ताई डॉक्टरांना करून दाखवत होत्या, आणि सर दारात उभे राहून बघत होते. आई गेल्यावर महिन्याभरात त्यांनी बोलावून घेतलं. इतक्या वर्षांनी ताई स्टेजवर आल्या, तेही एका वेळी एका प्रेक्षकासमोर.

प्रत्येक आजाराचं एक कार्ड असायचं. त्यावर पेशंटचं वय, कामधंदा, काय दुखतं, कधीपासून, आणि खाली घरची माणसं. ही घरची माणसं कुणीतरी कारकुनी हाताने, विचार न करता टंकलेली असायची. उजव्या हातवालीला नवरा आणि दोन मुलगे, चक्करवालीला सासू आणि जाऊ, बधिर पायवालीला भरलेलं एकत्र कुटुंब. "घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावाच लागायचा, त्याला अर्धा गुण असायचा. ताई कार्डावरचं उत्तर द्यायच्या आणि विद्यार्थी मान डोलवून पुढे जायचे. त्या मात्र पुढे जायच्या नाहीत. घरी परतताना बसच्या खिडकीशी बसून त्या जावेशी भांडून घ्यायच्या, धाकट्या मुलाच्या नोकरीची काळजी करायच्या. जिना चढेपर्यंत माणसं टिकायची. कुलूप उघडलं की आत एक खोली, एक खुर्ची, एक कप.

हसू नका. एकटं राहणाऱ्या माणसाला कुणी हात लावत नाही, ही गोष्ट भरल्या घरातल्यांच्या लक्षातच येत नाही. दुकानदार पिशवी काउंटरवर ठेवतो, शेजारीण दारातूनच बोलते. ताईंच्या मनगटाला, खांद्याला, कपाळाला बोट लागायचं ते फक्त गुरुवारी. विद्यार्थ्यांचे हात घामट, थरथरते, अडाणी असायचे. कुणी कापसाने गाल पुसल्यासारखा करायचा आणि विचारायचा, "दोन्हीकडे सारखंच लागतंय ना?" ताईंना त्या वेळी भरून यायचं आणि त्या कार्डाप्रमाणे सांगायच्या, "नाही हो, डावीकडे कमी लागतंय."

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. ती दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर राहायची. फोन उचलला की ती पहिल्यांदा विचारायची, "काय गं ताई, या आठवड्यात काय झालं होतं तुला?" ताई म्हणायच्या, अगं, अर्धांगवायू, किंवा, लहान मेंदूच गेला. मग दोघी खळखळून हसायच्या. धाकटीने एकदा विचारलं होतं, इकडेच येतेस का राहायला. ताईंनी ऐटीत सांगितलं की छे, माझं इथे काम आहे, माझ्यावाचून त्यांचं अडतं. धाकटीने पुन्हा विचारलं नाही. ताईंना वाटलं होतं, निदान आणखी एकदा तरी विचारेल. ते शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण फोन ठेवताना दर वेळी त्या क्षणभर थांबायच्या.

एक मात्र या धंद्यातलं विचित्र होतं. जे सोंग करून दाखवता येत नाही, ते तोंडी सांगायचं असा नियम होता. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय किती उडावा हे कुणाच्या हातात नसतं. तळपाय किल्लीने खरवडला की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो, आणि मेंदूपासून कमरेच्या वरपर्यंत कुठेही मोठी तार दुखावली असेल तर तो वर जातो. हेही कुणाला ठरवून करता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने नुसतं म्हणायचं, "मी आता तळपाय खरवडून बघेन," आणि परीक्षकाने कार्डात बघून सांगायचं, "नॉर्मल." पुढे. इतक्या वर्षांत ताईंचं डोक्यापासून घोट्यापर्यंत सगळं तपासून झालं होतं, पण तळपायाला कधी कुणी हात लावला नव्हता.

हिवाळा सुरू झाला तेव्हा स्वेटरची बटणं त्यांना छळू लागली. बोटांवर जाड मोजे चढवल्यासारखं वाटायचं. किल्ली कुलपाला सापडायची नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बाथरूम एका बाजूला कलायचं, आणि त्या भिंतीला धरून डोळे उघडायच्या, साबण झोंबला तरी. पाय ताठर झाले होते, जिना उतरताना ते दुसऱ्याचे असल्यासारखे पडायचे. थंडी आहे, त्या म्हणाल्या. वय आहे. मग म्हणाल्या, सोंगं करून करून अंगात मुरली. इतकी कार्डं पाठ असलेल्या बाईला हे कुठलं कार्ड ते ओळखता आलं नसेल, यावर कुणी विश्वास ठेवू नये. त्यांना ओळखायचं नव्हतं, एवढंच. कारण कॉलेजचा दुसरा नियम असा होता की खोटा पेशंट खरोखरचा निरोगी हवा. आजारी पडलात तर खाट रिकामी करा.

आणि कॉलेजात तर त्यांची वाहवा चालली होती. मोठे सर एकदा पडद्याआडून बघत होते. नंतर म्हणाले, "ताई, आजची चाल काय जमली होती. अगदी अस्सल." ताईंना त्या कौतुकाने आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. त्या म्हणाल्या, सर, सगळी तुमचीच शिकवण.

परीक्षेच्या दिवशी त्यांच्या वाट्याला कंबर आली. कार्ड सोपं होतं. कमरेतली एक नस दबली आहे, कळ उजव्या पायात उतरते, पाऊल वर उचलत नाही, हात आणि डावा पाय उत्तम. घरी यजमान, मुलगा, सून, एक नात. परीक्षक बाहेरून आलेले होते. पातळ केसांचे, कंटाळलेले, गुणपत्रिकेवर वाकलेले. सकाळपासून एकामागून एक मुलं आली, सगळ्यांनी कंबर गाठली आणि गेली.

मग ती मुलगी आली. तिचे हात बर्फासारखे गार होते आणि हे तिला माहीत असावं, कारण पायाला हात लावण्याआधी तिने "माफ करा" म्हटलं. सगळे प्रश्न तिने ओळीने विचारले. पाऊल उचलायला लावलं, पावलाच्या वरच्या बाजूला कापूस फिरवला. पुढे तळपायाचं नुसतं तोंडी सांगायचं असतं हे ती घाबरून विसरली, की तिला नियम नीट कळलाच नव्हता, देव जाणे. तिने खिशातली किल्ली काढली आणि ताईंचा तळपाय टाचेपासून करंगळीच्या बाजूने वर खरवडला.

अंगठा वर गेला. बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली.

मुलीने डावा पाय घेतला. तिथेही तेच झालं. ताईंनी उशीवरून मान उचलून आपलाच अंगठा बघितला, आणि जे महिनोन् महिने थंडीवर आणि वयावर ढकललं होतं ते तिथे उघड्यावर पडलं होतं.

"सर, अंगठा वर जातोय," मुलगी म्हणाली.

परीक्षकांनी मान वर केली नाही. "नॉर्मल. अंगठा खाली."

"सर, दोन्हीकडे वर जातोय. मी बघितलं."

खरवडायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं, नियम वाचले नाहीत का, असं ते तुटकपणे म्हणाले, आणि वर हेही म्हणाले की कार्डात जे आहे तेच पेशंटमध्ये आहे. मुलगी गोंधळली. पण तिच्या डोक्यात आता चक्र सुरू झालं होतं. कमरेतली नस दबून अंगठा वर जात नाही, कारण मज्जारज्जू त्याच्या आधीच, वरच संपलेला असतो. म्हणजे बिघाड वर आहे. किती वर? तिने ताईंचा हात हातात घेतला, मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आत दचकलं, म्हणजे बिघाड हातांच्याही वर. तिने ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हसायला लावलं, कपाळाला आठ्या घालायला लावल्या. चेहरा ठीक होता, म्हणजे बिघाड मेंदूच्या खाली. मग ती हळूच म्हणाली की मावशी, स्वेटरचं एक बटण काढून दाखवता?

ताईंनी बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. मुलगी खाली वाकली आणि परीक्षकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "मावशी, हे तुम्ही करताय की होतंय?"

काय त्रास होतो हे त्यांना हजारदा विचारलं गेलं होतं. पण हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. खरं सांगितलं तर हात कामातून जाण्याआधी इलाज होईल, पण गुरुवार संपेल. ताईंना गुरुवार हवा होता. त्यांनी कार्डावरचं वाक्य म्हटलं.

"कमरेतून कळ निघते, ती पायात जाते."

घंटा झाली. बिघाड कुठे आहे असं परीक्षकांनी विचारलं. मुलगी म्हणाली, मानेत, मज्जारज्जू दबलाय. परीक्षकांनी तिच्या नावापुढे काट मारली, आणि ती काट मारतानाचा आवाज ताईंना खाटेवर ऐकू आला.

दुपारी चहा देताना मामांनी बातमी दिली. ती गार हातांची पोर जिन्यात बसून रडतेय, म्हणे. बाकी सगळ्या खोल्यांत चांगलं केलं, इथे घसरली. आता सहा महिने थांबावं लागणार. पेशंट बघून बोलायचं सोडून भलतंच काहीतरी बरळली, म्हणे. ताईंनी कप दोन्ही हातांनी धरला होता. जाताना जिना तोच होता. मुलगी तिथे नव्हती, पायरीवर नुसता चुरगळलेला रुमाल होता. ताई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या.

त्या संध्याकाळी बसमध्ये यजमान, मुलगा, सून, नात, कुणीच आलं नाही. ताईंनी त्यांना बोलावून बघितलं. त्यांच्या डोक्यात त्या मुलीचा प्रश्न बसला होता आणि तो उठायला तयार नव्हता. घरी येऊन त्या खुर्चीवर बसल्या, दिवाही लावला नाही. त्यांना स्वतःचा राग आला. विंगेत बसून त्यांनी किती जणांची अडलेली वाक्यं वेळेवर पुरवली होती. आज एका पोरीला एक शब्द हवा होता, 'होतंय' एवढाच, आणि तो त्यांच्यापाशी असून त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरांच्या खोलीत गेल्या. शुक्रवारी ताईंना बघून सरांच्या कपाळाला आठी पडली. ताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं की काल त्या मुलीचं बरोबर होतं. सरांना आधी काही समजेना. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, दार लावलं आणि ताईंना एका रेषेत टाच-चवडा जोडून चालायला सांगितलं. ताई दोन पावलांत कलल्या. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर सरांनाच धरावं लागलं.

"ताई, अभिनय करू नका," सर म्हणाले. आवाजात विनवणी होती.

"करत नाहीये, सर."

सरांनी हातोडी घेतली. त्यांनी ताईंना इतकं शिकवलं होतं, पण तपासलं कधी नव्हतं. गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय असा उडाला की टेबलावरचा पेनांचा डबा लवंडला. सर पेनं गोळा करत बसले. जरा जास्तच वेळ बसले. मग म्हणाले, "चाल अस्सल आहे, असं मी म्हणालो होतो. बघत होतो आणि बघितलं नाही."

ताईंना त्यांची दया आली. त्या म्हणाल्या की सर, मीसुद्धा सांगितलं नाही.

पुढचं भराभर झालं. मोठ्या मशीनमध्ये फोटो निघाला. मानेतल्या मणक्यांची हाडं वाढून मज्जारज्जूवर टेकली होती. सरांनी बोट ठेवून दाखवलं, तर ताईंना ती जागा लगेच समजली, वर चेहरा ठीक, त्याच्या जरासं खाली. ऑपरेशन करावं लागेल. जे गेलंय ते परत येईल की नाही सांगता येत नाही, पण आणखी जाणं थांबेल. आणखी चार-सहा महिने गेले असते तर अंथरूण होतं. मुलीचं प्रकरण सरांनी परीक्षकांशी बोलून मिटवलं. त्या एका खोलीची परीक्षा नव्याने घ्यायची ठरली. आणि मग, दाराशी पोहोचलेल्या ताईंना, सरांनी तेही सांगितलं जे सांगायचं राहिलं होतं. आता तुम्हाला त्या खाटेवर झोपवता येणार नाही. नियम आहे. ताई म्हणाल्या, हो, माहितीये.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्या वॉर्डात होत्या. खाट तशीच लोखंडी, पडदा तसाच चाकांचा. फक्त इथे घंटा नव्हती. शेजारच्या खाटेभोवती नातेवाईक बसले होते आणि संत्री सोलत होते. मानेला आधाराचा पट्टा घालून ताई छताकडे बघत होत्या. पडद्यामागून कुणीतरी हात एकमेकांवर चोळत असल्याचा आवाज आला. मग ती मुलगी आत आली.

"हात गरम करत होते," ती म्हणाली. "मोठ्या सरांनी तुमची केस मला लिहायला सांगितलीये. चालेल ना?"

दोघींपैकी कुणीही परीक्षेचा विषय काढला नाही. मुलीने स्टूल ओढलं आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. काय त्रास होतोय? ताईंनी तोंड उघडलं आणि अडल्या. कार्डावरचा पेशंट कसा मुद्द्याचं बोलतो. हे बोलणं सगळं वाकडंतिकडं येत होतं. साबणाचं आधी, मग किल्लीचं, मध्येच जिना, पुन्हा बटणं. कधीपासून म्हणाल तर आधी थंडीपासून म्हणाल्या, मग म्हणाल्या, नाही, त्याच्याही आधीपासून. मुलगी न कंटाळता लिहीत होती. मध्ये तिने एकदा ताईंची बोटं हातात घेऊन उघडमीट करून बघितली आणि काम झाल्यावरही क्षणभर सोडली नाहीत. मग सवयीने पुढचा प्रश्न आला.

"घरी कोण कोण असतं?"

"यजमान," ताई म्हणाल्या. "मुलगा, सून, एक नात."

मुलीचं पेन थांबलं. हे उत्तर तिने आधी ऐकलं होतं, याच तोंडून, याच क्रमाने. ती पेन तसंच धरून थांबली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्र्याची फोड पुढे केली, कुणीतरी नको म्हटलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ते त्या दिवशीचं. घरी मी एकटीच असते."

कपडे काढून उभं राहायला इतकं जड जात नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मानेला पट्टा असल्यामुळे तोंड फिरवता आलं नाही. मुलीने ट्रॉलीवरचा कापूस घेऊन त्यांच्या कानाकडे गेलेलं पाणी टिपलं. दोन्हीकडे सारखंच लागलं.

ऑपरेशननंतर बरेच दिवस मान हलवता येणार नाही, मुलगी म्हणाली. उठवायला, घास भरवायला कुणीतरी लागेल. कुणीच नाही का? ताई म्हणाल्या, एक धाकटी बहीण आहे. तिला कळवलंय का? नाही. का नाही, असं मुलीने विचारलं, तर ताई एवढंच म्हणाल्या की ती हसेल. मुलीला हे काही समजलं नाही. तिने उशाशी असलेला फोन उचलून ताईंच्या हातात दिला. ताईंचं बोट दोनदा भलत्याच आकड्यावर पडलं. मग नंबर त्यांनी तोंडाने सांगितला, मुलीने तो लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

रविवार नव्हता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता. "अगं, आज मध्येच?" धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू आधीच तयार होतं. "काय झालंय आज तुला?"

आयुष्यभर त्यांना कुणीतरी अडलं की वाक्य सापडायचं. आता अडल्या होत्या त्या स्वतः. मुलीने फोन कानाशी आणखी जवळ धरला.

"मानेत आहे," ताई म्हणाल्या. "या वेळी खरं आहे. तू ये."

पलीकडचा नळ बंद झाला.